कडू पाल्याचं श्रेय

काकूंच्या गच्चीत दोन राज्यं होती. दारातून बाहेर आलं की डाव्या हाताला काकूंचं: कोथिंबीर, पुदिना, आलं, ओव्याची जाड पानं आणि एका फुटक्या बादलीत लसणाची पात. तिथलं सगळं कढईत जायचं. उजव्या हाताला काकांचं: गवती चहा, अडुळसा, कोरफड आणि कठड्यावर चढवलेला एक वेल, ज्याच्या पानांचा रस इतका कडू, की नुसती आठवण झाली तरी काकूंचं तोंड वाकडं व्हायचं. मध्ये पाण्याचा नळ. म्हटलं तर सरहद्द.

पुदिन्याला सरहद्द बिरहद्द काही कळत नसे. तो कुंडीच्या भोकातून मुळं काढून खुशाल काकांच्या कोरफडीत जाऊन उगवायचा. "तुझा पुदिना आवर," काका ओरडायचे. "तुम्हीच सांगा त्याला, माझं या घरात कोण ऐकतंय!" काकू आतून म्हणायच्या. आणि काकांची पाठ वळली, की त्यांच्या गवती चहाच्या दोन पात्या सटकन कापून सकाळच्या चहात टाकायच्या. काकांना वास यायचाच. "अगं, औषधाचं झाड आहे ते." "मग? चहात पडलं की त्याचं विष होतं का?" असा संसार. गोड म्हणा, तिखट म्हणा, रोज चालू होता हे खरं.

काका पाणीखात्यात होते. साहेब वगैरे नव्हेत हो, पाणी सोडायचं काम. पहाटे उठायचं, माणसाच्या उंचीची लोखंडी चावी सायकलला बांधायची आणि रस्त्यातली झाकणं उघडून एकेका भागाचं पाणी सोडत जायचं. साधं काम वाटतं ना? पण त्यांनी चावी फिरवल्याशिवाय चारी गल्ल्यांत कुणाची अंघोळ होत नसे की कुणाचा भात शिजत नसे. बायका खिडकीतून विचारायच्या, "काका, आज किती वेळ?" आणि काका सायकल न थांबवता, "भरून घ्या, भरून घ्या," म्हणत पुढे. त्यांची छाती तेव्हा कशी असायची ते काकूंनी पाहिलं होतं. राजाचीसुद्धा नसेल.

मग नोकरी संपली. हार घातला, नारळ दिला, माना हलवत भाषणं झाली आणि माणूस घरी आला. आता घरी आलेल्या माणसानं आराम करावा की नाही? काका पहाटे त्याच वेळी उठायचे, शर्ट घालायचे, आणि खुर्चीच्या टोकावर बसून समोरच्या भिंतीकडे बघायचे. नळाला पाणी आलं की मान तिरकी करून ऐकायचे आणि म्हणायचे, "आज उशीर केला त्या नव्या माणसानं." कुणाला म्हणायचे? भिंतीला. काकू पोळपाटाशी उभ्या राहून हे बघायच्या आणि तव्यावरची पोळी करपायची. त्यांनी गाणी लावून पाहिली, बाजाराला पाठवून पाहिलं, भांडण उकरून पाहिलं. काका भांडायलासुद्धा तयार होईनात, तेव्हा मात्र काकू खरंच घाबरल्या.

त्यातून सोडवलं ते काकांच्याच एका खोकल्यानं. जुन्या सोबत्यानं अडुळशाची फांदी आणून दिली, काकांनी ती डब्यात खोचली, तिला पानं फुटली, काढा झाला, खोकला गेला. झालं! काकांना नवी चावी सापडली. खालच्या मजल्यावरच्या बाळाच्या सर्दीला ओव्याची पानं शेकून दिली, कोपऱ्यावरच्या वाण्याला अपचनाला आलं-पुदिना दिला. तेवढं कुणालाही बाधत नाही, आराम मात्र पडतो. आता सकाळी जिन्यावर पावलं वाजू लागली. "काका, घशाला काही आहे का?" काका कुंडीपाशी कंबरेवर हात ठेवून उभे राहायचे, पान तोडून कागदात बांधायचे, कुणाला किती ते बजावून सांगायचे. छाती पुन्हा तशीच. काकूंनी मनातल्या मनात त्या अडुळशाचे पाय धरले.

इथवर सगळं छानच होतं. बिघडलं ते काकूंच्या साखरेनं.

काकूंना चक्कर आली, रक्त तपासलं, साखर वाढलेली निघाली. त्यांची लेक औषधाच्या दुकानात काउंटरवर असते, एकदम फटकळ. ती दर महिन्याला येते. त्या वेळी डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या घेऊनच आली आणि आईच्या हातात ठेवून म्हणाली, "रोज. चुकवायची नाही. मला कारणं सांगायची नाहीत." ती पायऱ्या उतरते न उतरते तोच काका कडू वेलाची पानं वाटून पेला घेऊन हजर. "गोळ्या कशाला पोटात ढकलतेस? एकदा सुरू झाल्या की जन्माच्या मागे लागतात. हा रस घे. माझ्यावर विश्वास आहे ना?"

आता तुम्हीच सांगा, ज्याच्याबरोबर अर्धं आयुष्य काढलं, तो माणूस हातात पेला घेऊन असा उभा राहिला तर काय म्हणायचं? काकूंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना ती भिंत आठवली. "आहे," त्या म्हणाल्या आणि घटाघटा प्यायल्या. कडू म्हणजे असं कडू, की डोळ्यांतून पाणी आलं. काका खूश. "औषध आहे, लागणारच!"

गोळ्या काकूंनी सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवल्या. सबंध घरात ती एकच जागा अशी, जिथे काकांचा हात मरेपर्यंत जाणार नव्हता. त्यांनी जन्मात एक बटण शिवलं नव्हतं. काका अंघोळीला गेले की काकू डबा उघडायच्या, गोळी तोंडात टाकायच्या, झाकण लावायच्या. रस उघड, गोळी चोरून. लेकीला हे एकदा कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. "आई, दोन्ही एकदम? कधीतरी साखर धाडकन खाली येईल आणि पडशील कुठेतरी. बाबांना सांग सरळ!" "सांगते," काकू म्हणाल्या. त्यानंतर त्या रसाचा अर्धा पेला मोरीत ओतू लागल्या. एवढंच केलं. सांगितलं नाही.

काही महिन्यांनी साखर ताळ्यावर आली. डॉक्टर म्हणाले, छान. काकांनी तो तपासणीचा कागद घडी करून खिशात घातला आणि गल्लीभर दाखवला. "गोळी एकही नाही! विचारा हिला!" आणि लोकांनी विचारलं हो. काकूंनी मान हलवली. खोटं बोलल्या का? तोंडातून शब्द नाही काढला. पण मान हलली, आणि हललेली मान परत कशी घ्यायची?

त्या दिवसापासून काका सर्दी-खोकल्यावर थांबेनात. सांधे म्हणू नका, छातीत धडधड म्हणू नका, ज्याला त्याला पाला. काकू हसून सोडून द्यायच्या. लोक काय, चार दिवस घेतात आणि विसरतात, असं त्या स्वतःला समजवायच्या. मनात कुठेतरी टोचायचं, पण सकाळी काका शीळ घालत झाडांना पाणी द्यायला लागले की त्या टोचण्यावर पांघरूण पडायचं.

त्या दिवशी दुपारी काकू उशीचे अभ्रे आणायला खाली शिंपीणबाईंच्या दुकानात गेल्या. शिंपीणबाई जिन्याखालच्या खोलीत मशीन चालवतात. नवरा नाही, मुलगा परगावी. तोंड असं, की सकाळी सांगितलेली गोष्ट दुपारी गल्लीच्या टोकाला पोचते. पण हात सोन्याचा. त्यांची शिलाई पट्टीनं आखल्यासारखी सरळ. काकूंनी अभ्रा उलटा करून पाहिला आणि त्यांना नवल वाटलं. शिलाई सापासारखी वळत गेली होती.

"बाई, हे काय? झोपेत शिवलंत का?"

"सकाळपासून डोकं कसं जड झालंय बघा, वहिनी. डोळ्यांपुढे सुईच दोन दिसतात." शिंपीणबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. चेहरा लालबुंद होता. "होईल बरं. अंगातलं औषध निघून जातंय ना, त्रास व्हायचाच थोडा. भाऊजी म्हणाले तसं."

"कसलं औषध?"

"प्रेशरच्या गोळ्या हो. दिल्या फेकून. आता फक्त भाऊजींचा काढा." त्या पुढे वाकल्या आणि काकूंच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "खरं सांगू? माझा जीव धजत नव्हता. डॉक्टर तर म्हणतात गोळी चुकवू नका, झटका येईल. पण मग म्हटलं, आपल्या वहिनी बघा! एक गोळी न घेता ठणठणीत! तुमच्याकडे बघून धीर आला मला."

काकूंनी अभ्रा खाली ठेवला. "बाई, गोळी घ्या. आत्ता घ्या."

"वा! स्वतः नाही घेत आणि मला सांगता?"

सांगायला हवं होतं. तिथल्या तिथे, तोंडावर. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण बाकावर दोन गिऱ्हाइकं कान टवकारून बसली होती, आणि एकदा इथे बोललं की काका जिना उतरायच्या आत सगळी गल्ली हसत असणार. त्यांना हे गल्लीकडून कळावं? इतके महिने ज्यासाठी कडू गिळलं त्याचं असं मातेरं? "तुम्ही मशीन बंद करा आणि पडून राहा," काकू म्हणाल्या. "मी आले. उठायचं नाही!" आणि अभ्रे तिथेच टाकून त्या जिना चढल्या. गुडघे कुरकुरत होते, पण आज त्यांना कोण विचारतंय.

काका गच्चीत बादली घेऊन बसले होते. एकीकडे नळीनं कुंडीला पाणी, दुसरीकडे मांडीवर बाटली. "बरी आलीस. ही शिंपीणबाईंची. आज जरा घट्ट केलाय, त्यांचं डोकं दुखतंय म्हणत होत्या."

"त्यांना गोळ्या सोडायला तुम्ही सांगितलंत?"

"मी कशाला सांगू? त्यांनी विचारलं, मी म्हटलं, माझी बायको बघा." काका कौतुकानं हसले. "तूच माझं सर्टिफिकेट!"

काकूंनी नळ बंद केला नाही, खुर्ची ओढली नाही, प्रस्तावना केली नाही. "अहो, मी गोळ्या घेते," त्या म्हणाल्या. "रोज घेते. लेक आणून देते. साखर त्यानं उतरली. तुमच्या रसानं नाही."

काकांनी मांडीवरची बाटली खाली ठेवली. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मध्ये कधी बंद...?"

"नाही. एक दिवससुद्धा नाही."

काकांच्या हातातली नळी तशीच होती. कुंडी भरली, वाहू लागली, माती घेऊन पाणी फरशीवरून काकूंच्या पायांपर्यंत आलं. सबंध गावाला मोजून पाणी देणारा माणूस, त्याला ते दिसलं नाही. "म्हणजे मी इतके दिवस मूर्खासारखा," ते हळू आवाजात म्हणाले, "कागद खिशात घालून... आणि तू मान डोलवत होतीस. मला येडा ठरवलंस तू."

"ठरवलं तर ठरवलं!" काकूंचा आवाज चढला आणि फाटला. "तुम्ही त्या भिंतीकडे बघत बसायचात. जेवायचं भान नाही, बोलायचं भान नाही. मला माझ्या साखरेची भीती नव्हती हो, तुमची होती. एक पेला प्यायल्यानं तुम्ही उठून उभे राहत होतात, मग मी विषसुद्धा प्यायले असते. चुकलं माझं. फार मोठं चुकलं. पण खाली ती बाई माझ्याकडे बघून मरायला निघालीय, तिला सुई दोन दिसतायत. आता तुम्ही मला नंतर काय हवं ते बोला, पण आधी काहीतरी करा."

काका उठले. नळ बंद केला. काढ्याची बाटली उचलली आणि मोरीत उपडी केली. शर्टाची बटणं लावली, वरचंसुद्धा, कामावर जाताना लावायचे तसं. काकूंकडे त्यांनी पाहिलं नाही. चपला पायात सरकवून ते जिना उतरू लागले. त्या त्यांच्या मागे मधल्या वळणापर्यंत गेल्या आणि तिथे कठडा धरून थांबल्या. आता ते सगळं सांगणार. सांगू देत. बायकोनं फसवलं म्हणू देत. आपल्या कर्माचं आहे, ऐकून घ्यायचं, असं म्हणत त्यांनी डोळे मिटले.

"बाई," खालून काकांचा आवाज आला, "गोळ्या कुठे फेकल्यात?"

"अहो भाऊजी, कचऱ्यात! पण काढा..."

"काढ्यानं काही होत नाही. ऐका नीट. हिची साखर गोळ्यांनी उतरली. रोज गोळी घेते ती. मीच देतो."

काकूंनी डोळे उघडले.

"तुम्ही देता?" शिंपीणबाईंचा आवाज चिरकला. "आणि आम्हाला सांगत होतात एकही गोळी नाही म्हणून?"

"खोटं सांगत होतो. मोठेपणा मिळत होता, सोडवेना. ती म्हणत होती लोकांना खरं सांगा. मीच तिला दटावून गप्प बसवलं. तिच्याकडे बघून तुम्ही गोळ्या सोडल्यात, त्यात तिचा काडीचा दोष नाही. चला, रिक्षा बोलावतो, डॉक्टरकडे जाऊ."

मग शिंपीणबाईंनी काकांची जी खरडपट्टी काढली, ती काढली! लाज नाही का वाटली, म्हातारपणी हे धंदे, माझा मुलगा पोरका झाला असता, सगळं. बाकावरची गिऱ्हाइकंही दोन शब्द टाकून गेली. काका मान खाली घालून उभे. काकू तरातरा चार पायऱ्या उतरल्या, "अहो!" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकांनी वर पाहिलं आणि तळहात दाखवला. थांब. त्या थांबल्या.

शिंपीणबाईंचं प्रेशर फार वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी त्यांना ठेवून घेतलं आणि म्हणाले, वेळेत आणलंत. लेक फोनवर कळताच परस्पर दवाखान्यात पोचली आणि रात्री त्यांच्याजवळ राहिली. काका संध्याकाळी एकटेच परतले. काकूंना वाटलं, आता वर येतील, बोलतील, निदान भांडतील. ते वर आलेच नाहीत. ते समोरच्या घराच्या दाराशी गेले.

काकू गॅलरीतून ऐकत होत्या. ज्यांना ज्यांना पाला दिला, त्या प्रत्येकाच्या दाराशी माणूस उभा राहत होता. खोकल्याला घ्या, पोटाला घ्या, बाकी डॉक्टरला विचारल्याशिवाय एक गोळी सोडू नका. आणि पुढे तीच गोष्ट. पण दर दाराला ती थोडी वाढत होती. पहिल्या दाराला काकूंनी नुसतं नको म्हटलं होतं. दुसऱ्या दाराला त्या काकांशी भांडल्या होत्या. तिसऱ्या दाराला तर त्यांनी अबोला धरला होता, जेवणसुद्धा सोडलं होतं, आणि काका मात्र निगरगट्टासारखे ऐकत नव्हते. गोष्टीतल्या काकू मोठ्या होत चालल्या होत्या आणि गोष्टीतल्या काकांना घराघरातून शिव्या बसत होत्या.

काकूंना ते सहन होईना. पदर खोचून त्या खाली आल्या. चौथं दार वाण्याच्या घराचं. वाणीणबाई कंबरेवर हात ठेवून काकांना फैलावर घेत होती. काकू सरळ मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. "हे खोटं बोलतायत," त्या म्हणाल्या. "यांना काही माहीत नव्हतं. गोळ्या मीच लपवून घेत होते. यांना मी फसवलं, तुम्हालाही मीच फसवलं. बोलायचं तर मला बोला."

वाणीणबाईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. तिनं काकूंचा हात हातात घेतला. "राहू द्या काकू," ती म्हणाली. "अजूनही त्यांनाच सांभाळताय ना? धन्य आहे तुमची!" आणि काकांकडे असा काही कटाक्ष टाकला, की ते एक पायरी मागे सरले.

"अहो, देवाशपथ खरं सांगते..."

"कळतं आम्हाला." दार लागलं.

दोघं रस्त्यावर उभी राहिली. काकूंना रडू फुटलं. "तुम्हाला काय गरज होती हो? माझं पाप स्वतःच्या डोक्यावर घेऊन?"

"मला काय," काका म्हणाले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांनी काकूंकडे नीट पाहिलं. "मी घरात बसणारा माणूस. चार दिवस बोलतील, विसरतील. तुला रोज या दारांवरून भाजीला जायचंय."

मग त्यांनी वरचं बटण चाचपून पाहिलं आणि पाचव्या दाराची बेल वाजवली.